उरलेल्या लोकरीचा हिशेब: धागा रंगवून विकणाऱ्या छोट्या व्यवसायासाठी

धाग्याच्या धंद्यातला कचरा मऊ आणि रंगीत असतो, त्यामुळे तो कचरा वाटतच नाही. टाकवत नाही म्हणून पिशवीत जातो, पिशवी कपाटावर जाते, आणि पावसाळा संपल्यावर कधीतरी उघडून पाहावं तर कसर लागलेली. मग सगळी पिशवी एकदम कचऱ्यात. पैसे तर गेलेच, वर दोन वर्षं जागाही अडली.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, जे लोकर किंवा सूत किलोने अथवा कोनावर (शंकूच्या आकाराच्या नळीवर गुंडाळलेलं) विकत घेतात, घरच्या घरी किंवा लहान शेडमध्ये रंगवतात, लड्या-गुंडे करतात आणि विणकाम-क्रोशाकाम करणाऱ्यांना विकतात. दुकानातून फक्त तयार गुंडे विकणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, रंगकामाचा भाग तेवढा सोडून द्या.

आधीच सांगतो, इथे ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या पन्नास कल्पना मिळणार नाहीत. कल्पना सगळ्यांकडे भरपूर असतात. अडतं ते एवढ्यावरच, की उरलेला धागा कशाचा आहे, किती जाड आहे आणि किती मीटर आहे हे कुणालाच सांगता येत नाही. ज्याची ही माहिती आहे तो वीस ग्रॅमचा तुकडाही विकला जातो. ज्याची नाही, तो दोन किलोचा ढीगही कुणी घेत नाही.

आधी महिनाभर फक्त वजन करा

काहीही बदलण्याआधी एक महिना नुसती नोंद ठेवा. स्वयंपाकघरात वापरतात तसा एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. एक वही, आणि तीन-चार रिकामे डबे. दिवसाअखेरीस जे उरलं ते कुठून आलं त्याप्रमाणे वेगळं तोला. साधारण या जागांमधून धागा गळतो:

- कोनाच्या तळाशी राहिलेला, पूर्ण लडीला न पुरणारा धागा
- लडी किंवा गुंडा करताना कापलेली टोकं आणि न सुटलेला गुंता
- रंग चुकलेल्या, डाग पडलेल्या किंवा रंग असमान बसलेल्या लड्या
- विणून पाहिलेले नमुना-चौकोन
- ग्राहकाने परत केलेले अर्धे गुंडे
- एका लॉटमधली (एकदम रंगवलेल्या लड्यांतली) शेवटची एकटी लडी, जी कुणी एकटी घेत नाही

महिन्याच्या शेवटी बहुतेकांना एकच आकडा बाकीच्यांपेक्षा फार मोठा दिसतो, आणि तो अपेक्षेपेक्षा वेगळा असतो. टोकांचा ढीग डोळ्यांना मोठा दिसतो, पण वजनाला काहीच भरत नाही. रंग चुकलेल्या चार लड्या मात्र चारशे ग्रॅम होतात. गोंडे आणि फुलं करण्यात संध्याकाळ घालवण्याआधी रंगाचं प्रमाण लिहून ठेवायची सवय लावली, तर जास्त लोकर वाचते. वजनाची वही एवढ्यासाठीच.

कोनाच्या तळाचा आकडा मोठा असेल, तर उपाय विक्रीच्या पद्धतीत आहे. फक्त शंभर ग्रॅमच्याच लड्या करायचा नियम ठेवला की प्रत्येक कोनाला शेपूट उरतं. पन्नास आणि वीस ग्रॅमच्या लड्याही यादीत ठेवा, किंवा ‘कोनावरून तोलून’ द्यायची सोय करा. ज्याला फक्त कानटोपीची पट्टी विणायची आहे, त्याला चाळीस ग्रॅमच हवे असतात.

वर्गवारी: आधी तंतू, मग जाडी, रंग सगळ्यात शेवटी

हरियाणातल्या पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा मोठा उद्योग आहे. तिथे ढीग आधी रंगानुसार लावतात, कारण कपडा फाडून त्याचे तंतू मोकळे करायचे असतात, आणि लाल कपड्यातून लालच धागा निघाला की पुन्हा रंगवायचा खर्च वाचतो. ती पद्धत पाहून आपणही रंगानुसार लावू लागलो, तर फसतो. आपला धागा धागाच राहणार आहे. तो ग्राहकाच्या घरी विणला जाईल आणि धुतला जाईल. लोकर आटते, सूत फारसं आटत नाही, ॲक्रिलिक अजिबात नाही. तिघांची एकत्र विणलेली शाल पहिल्या धुण्यात वेडीवाकडी होते. म्हणून तंतू आधी.

नवीन उरलेल्याला लगेच चिठ्ठी लावा: तंतू, जाडी, लॉट क्रमांक, तारीख. जुन्या, चिठ्ठी नसलेल्या ढिगासाठी जाळून पाहायची चाचणी आहे. पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाण्याचा पेला, खिडकी उघडी.

लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझतं, आणि राहिलेला काळा गोळा बोटाने चुरडला जातो. सूत कागदासारखं भरभर जळतं, विझवलं तरी टोक धुमसत राहतं, मागे मऊ राखाडी राख उरते. व्हिस्कोज आणि बांबू म्हणून विकला जाणारा धागाही असाच जळतो. ॲक्रिलिक वितळत वितळत काळ्या धुराने जळतं आणि मागे टणक काळा मणी राहतो, तो चुरडत नाही. केसाचा वास येतोय आणि मणीही टणक आहे, तर ते मिश्रण समजा. मोज्यांच्या लोकरीत नायलॉन घालतात, तिथे असंच होतं.

शंका राहिली, तर एक तुकडा कपडे पांढरे करायच्या क्लोरीन ब्लीचमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. लोकर आणि रेशीम विरघळून जातात, सूत आणि ॲक्रिलिक तसंच राहतं. हे करताना आसपास सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर नको. क्लोरीन ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी वायू निघतो, आणि रंगाच्या खोलीत आम्ल नेहमीच हाताशी असतं.

लोकरीत आणखी एक भाग पाडावा लागतो: आटणारी आणि मशिनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली. थोडा तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात तळहातांवर जोरात चोळा. तंतू एकमेकांत गुंतून दोरीसारखं झालं तर आटणारी. हे पुढे तुकडे जोडताना उपयोगी पडेल.

जाडीसाठी फूटपट्टीवर धागा न ताणता शेजारी-शेजारी गुंडाळा आणि एका इंचात किती फेरे बसतात ते मोजा. आपल्या नेहमीच्या मालाचे फेरे एकदा लिहून ठेवले, की अनोळखी धागा कशाशी जुळतो ते चटकन कळतं.

लांबी मोजत बसायची गरजच नाही, ती वजनातून निघते. शंभर ग्रॅममध्ये ४०० मीटर असलेल्या बारीक लोकरीचे ३७ ग्रॅम उरले, तर ३७ गुणिले ४, म्हणजे १४८ मीटर. शंभर ग्रॅममध्ये २२५ मीटर असलेल्या मध्यम जाडीच्या लोकरीचे तेवढेच ग्रॅम म्हणजे सुमारे ८३ मीटर. ग्राहकाला ‘थोडी उरलीय’ सांगण्यापेक्षा ‘१४८ मीटर आहे’ सांगितलं की तो लगेच ठरवू शकतो.

ठेवायचं कसं

सूत आणि लोकर वेगळ्या डब्यांत, झाकण घट्ट, आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय काहीही आत नाही. कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ‘कोरडं’ वाटणारा धागाही दमट असतो. रंगवलेलं उरलेलं पंख्याखाली आणखी एक दिवस राहू द्या.

कसरीच्या अळीला लोकर आणि रेशीम लागतं, ॲक्रिलिककडे ती फिरकत नाही. संशयित पिशवी हवाबंद करून डीपफ्रीझमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, मग उन्हात झटका. पूर्वी घराघरांत कपड्यांत वेखंड ठेवत, त्याचा वास कसरीला दूर ठेवतो. पण आधीच पडलेली अळी त्याने मरत नाही. डांबर गोळ्या वापरायच्याच असतील तर लहान बाळांच्या कपड्यांसाठी जाणाऱ्या लोकरीजवळ नकोत. नॅफ्थलीनची वाफ काही नवजात बाळांना खरोखर धोक्याची ठरते.

रंगाच्या पातेल्यात वाचवलेलं सगळ्यात जास्त वाचतं

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण उरलेल्या धाग्याबद्दल सगळे बोलतात आणि उरलेला रंग गुपचूप मोरीत जातो. कोल्हापूरकडच्या वाचकांना पंचगंगेची अवस्था सांगायला नको. घरगुती रंगकाम त्या मानाने चिमूटभर असलं, तरी मोरी तीच.

लोकर, रेशीम आणि नायलॉनसाठी बहुतेक जण ॲसिड रंग, म्हणजे आम्ल आणि उष्णतेने धाग्यावर बसणारे रंग, वापरतात. या रंगांचा मोठा गुण असा की प्रमाण बरोबर असेल तर तो जवळजवळ सगळा धाग्यात ओढला जातो आणि पातेल्यात स्वच्छ पाणी उरतं. पाणी रंगीतच राहिलं तर तीन कारणं तपासा: उष्णता कमी पडली, आम्ल कमी पडलं, किंवा रंग धाग्याच्या मानाने जास्त झाला. पीएच कागदाने पाहा, चार ते पाचच्या दरम्यान असायला हवा. सायट्रिक ॲसिडची चिमूट टाकून, मंद आचेवर आणखी वीस मिनिटं ठेवून पाहा. तरीही रंग उरलाच, तर त्याच पाण्यात एक कोरी लडी टाका. फिकी छटा येईल, आणि ती मुद्दाम करायला गेलात तर तितकी सुंदर होत नाही, असं माझं मत आहे.

पाणी स्वच्छ झालं असेल, तर ते गरम आहे आणि आम्लही त्यात आहे. ते ओतून देऊन पुन्हा थंड पाणी तापवण्यात गॅस का जाळायचा? दिवसाची आखणी फिक्याकडून गडदाकडे करा: पिवळा, मग केशरी, मग लाल, मग मरून, शेवटी काळा. एकाच पाण्यात चार-पाच घाणे सहज निघतात, पाण्याची पातळी कमी झाली की थोडी भर घालायची.

पावडर थेट पातेल्यात टाकण्याऐवजी एक टक्क्याचं द्रावण करून ठेवा: १ ग्रॅम रंग, १०० मिलिलिटर पाणी. शंभर ग्रॅम लोकरीला एक टक्का गडदपणा (लोकरीच्या वजनाच्या एक टक्का रंग) हवा, तर शंभर मिलिलिटर द्रावण. दोनशे ग्रॅमला दोनशे. हिशेब इतका सोपा झाला की ‘थोडा अंदाजाने’ टाकलेला जादा रंग आपोआप बंद होतो. ॲसिड रंगांचं द्रावण झाकणबंद बाटलीत महिनोन्‌महिने टिकतं. पावडर हाताळताना मास्क लावा, आणि या कामाची पातेली-चमचे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

सुताचं गणित वेगळं आहे. त्यावर रिॲक्टिव्ह रंग वापरतात, आणि सोडा ॲश (धुण्याचा सोडा) पडला की त्या रंगाची घटका भरली. काही तासांत तो पाण्याशीच संयोग पावतो आणि नंतर दिसायला रंगीत असला तरी धाग्याला धरत नाही. ते पाणी दुसऱ्या दिवशी वापरून रंग उडाला म्हणून कंपनीला शिव्या घालणारे मी पाहिले आहेत. सोडा न घातलेलं द्रावण फ्रिजमध्ये, रंगानुसार, काही दिवस टिकतं. म्हणून सुताच्या बाबतीत रंग थोडाच कालवा आणि सोडा शेवटी घाला.

सुताला धुवायला मात्र पाणी फार लागतं. इथे बादल्यांची रांग लावा. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. शेवटच्या बादलीतलं जवळजवळ स्वच्छ पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरायचं, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सरकत जातं आणि प्रत्येक घाण्याला सगळ्या बादल्या ताज्या भराव्या लागत नाहीत. पहिल्या बादलीत मीठ आणि सोडा असतो, ते झाडांना घालू नका.

नैसर्गिक रंग वापरणाऱ्यांकडे उरलेल्याची चैनच आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूची तोरणं सगळीकडे उतरवली जातात, सोसायटीत आधी सांगून ठेवलं तर पोतंभर फुलं मिळतात. ती सुकवून ठेवली की वर्षभर पिवळा. कांद्याची सालं भाजीवाल्याकडे मागा, डाळिंबाची सालं रसवाल्याकडे. रंग पक्का बसावा म्हणून आधी तुरटी चढवलेल्या लोकरीवर झेंडू पक्का पिवळा देतो, कांदा केशरी ते तपकिरी, डाळिंब मातकट पिवळा. एकदा उकळलेल्या पाण्यात दुसरी आणि तिसरी लडी टाकत गेलं की एकाच रंगाच्या उतरत्या छटा मिळतात, आणि अशा तीन छटांचा संच एका लडीपेक्षा चांगला खपतो. तुरटीचं पाणीही एकदाच वापरून फेकायचं नसतं. धाग्याच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के तुरटी पहिल्यांदा घातली असेल, तर पुढच्या वेळी त्यातच थोडी कमी भर घालून चालतं. हळदीच्या नादी मात्र लागू नका. रंग मोहक येतो आणि उन्हात उडतो, मग ग्राहक परत येतो.

रंग चुकलेल्या लड्या

चुकलेली लडी फिकी करता येत नाही, गडद करता येते, एवढं धरून चाला. पिवळ्यावर निळा गेला तर हिरवा, गुलाबीवर निळा गेला तर जांभळा. हिरव्यावर लाल गेला तर तपकिरी, आणि हा तपकिरी दर वेळी वेगळा येतो, म्हणून त्याची एकच लडी करा आणि ‘एकमेव’ म्हणून विका. असमान रंग बसलेल्या लडीवर गडद रंगाचे शिंतोडे दिले की डाग डिझाइनमध्ये मिसळतात. सगळं फसलं तर काळा. पण वर्षाअखेरीस तुमच्याकडे काळ्या लड्याच जास्त असतील, तर तो रंगाच्या वहीचा प्रश्न आहे. प्रत्येक घाण्याची नोंद (किती ग्रॅम धागा, कोणत्या बाटलीतून किती मिलिलिटर, किती वेळ) आणि त्यालाच टाचलेला धाग्याचा तुकडा. हे तुकडे म्हणजे टोकांच्या ढिगाचा सगळ्यात चांगला उपयोग.

कोणत्या लांबीचं काय करायचं

तीस मीटरच्या वरचं सगळं छोट्या लड्यांत जातं. बारीक लोकरीच्या वीस ग्रॅमच्या लडीत साधारण ८० मीटर येतात, म्हणजे मोज्याच्या टाचा आणि बोटं, स्वेटरवरची नक्षी, बाळाच्या मोज्यांची जोडी. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून, चार ठिकाणी बांधून लडी होते, यंत्र लागत नाही. एकेकटी लडी रेंगाळते. पाच रंगांचा संच करा, त्यात चार रंग एका घराण्यातले आणि पाचवा उठून दिसणारा. सगळ्या एकाच तंतूच्या आणि जाडीच्या असल्याच पाहिजेत, आणि चिठ्ठीवर प्रत्येकाचे मीटर हवेत.

पाच ते तीस मीटर हा अडचणीचा पट्टा. स्वतंत्र विकायला कमी, फेकायला फार. माझ्या मते त्याचे दोनच चांगले मार्ग आहेत. एक, क्रोशाचे चौकोन विणणाऱ्यांना तोलून विकणं: आपण एक चौकोन विणून त्याचं वजन घ्यायचं आणि पाकिटावर ‘अंदाजे इतके चौकोन’ लिहायचं. दुसरा, जोडून मोठा गुंडा करणं.

जोडायच्या तीन पद्धती. आटणाऱ्या लोकरीसाठी दोन्ही टोकांचे पाच-सहा सेंटिमीटर पदर उकला, अर्धे पदर कापा, टोकं एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळहात गरम होईपर्यंत चोळा. गाठ नाही, जाडी तीच, ओढून तुटत नाही. मशिनवॉश लोकर, सूत आणि ॲक्रिलिक यांना हे चालत नाही. तिथे टोकं एकमेकांत अडकवून, सुईने प्रत्येक टोक त्याच्याच पदरांत पाच-सहा सेंटिमीटर परत ओवायचं. जाडी थोडी वाढते, पण पक्कं. तिसरी विणकर मागावर मारतात ती छोटी गाठ. सुती धाग्याला ती ठीक, पण अंगावर घालायच्या वस्तूसाठी असेल तर ‘गाठी आहेत’ असं चिठ्ठीवर लिहा. दोन मीटरपेक्षा लहान तुकडे जोडत बसू नका, विणणारा वैतागतो.

जाडी वेगळी असल्याने जुळत नसेल तर बारीक लोकरीचे दोन धागे एकत्र धरले की साधारण मध्यम जाडीचा धागा होतो. एक कोरा आणि एक रंगीत असे एकत्र गुंडाळले तर मिसळती छटा मिळते, आणि रेंगाळलेल्या विचित्र रंगांची धारही त्यात बोथट होते.

पाच मीटरच्या खाली: गोंडे, पोंपॉम, लोकरी भरतकामाचे लहान संच, शेड कार्ड. शेड कार्डाबद्दल आग्रहाने सांगतो. जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून प्रत्येक रंगाचा बोटभर धागा बांधा, खाली नाव आणि लॉट. मोबाइलच्या पडद्यावर मरून आणि तपकिरी सारखेच दिसतात, परत येणाऱ्या मालाचं ते मोठं कारण असतं.

ॲक्रिलिकच्या तुकड्यांना रंगकामातही काम आहे: लड्या बांधायला. ॲसिड रंग ॲक्रिलिकला जवळजवळ धरत नाही, ते आटत नाही आणि गडद लडीतही बांध चटकन दिसतो. तेच बांध पुन्हा पुन्हा वापरता येतात. बांधताना आठाच्या आकड्यासारखा आणि सैल बांधा. घट्ट बांधलं की तिथे पांढरा पट्टा राहतो आणि एक चुकलेली लडी वाढते.

अगदी भुगा म्हणावा असे तुकडे बाहुल्या-उशांत भरायला चालतात, पण थेट नाही. कापडाच्या आतल्या पिशवीत भरून, तोंड शिवून मग आत. तसं न करता क्रोशाच्या खेळण्यात भरलं तर टाक्यांतून धागे बाहेर येतात आणि लहान मूल ते तोंडात घालतं.

विकायचं, पण मजुरी धरून

उरलेल्या लोकरीतून वस्तू विणून विकाव्यात असं सगळे सुचवतात. आधी आकडे मांडू. समजा, रंगवलेल्या लोकरीचा भाव शंभर ग्रॅमला ८०० रुपये आहे आणि तुमचा तास १५० रुपयांचा.

वीस ग्रॅमची छोटी लडी: लोकर १६० रुपये, गुंडाळणं-बांधणं सहा मिनिटं म्हणजे १५ रुपये, चिठ्ठी आणि पाकीट ५. एकूण १८०, आणि या भावाला ती विकली जाते.

कपाखाली ठेवायची क्रोशाची चकती: आठ ग्रॅम लोकर ६४ रुपये, अर्धा तास ७५. एकूण १३९. लोकर फुकट धरली तरी मजुरीचेच ७५. प्रदर्शनात ग्राहक किती देईल याचा अंदाज तुम्हाला आहे.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: उरलेला धागा शक्यतो धागा म्हणूनच विका, आणि वस्तू फक्त सणाच्या आधी करा, जेव्हा मागणी ठरलेली असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पंचवीस-पन्नास सारख्या वस्तू एकदम हव्या असतात. साबणाची जाळी, छोटा बटवा, किल्लीचा गोंडा. ऑर्डर डिसेंबरच्या सुरुवातीला घ्या आणि बचत गटातल्या बायकांना नगावर काम द्या. राखीसाठी रेशमी आणि सुती टोकं. पोळ्यासाठी बैलांचे गोंडे: दक्षिण महाराष्ट्रात आषाढात बेंदूर, मराठवाडा-विदर्भात श्रावण अमावास्येला पोळा, म्हणजे एका पावसाळ्यात दोनदा बाजार. तिथे ॲक्रिलिकच चांगलं, पावसात रंग सुटत नाही. विकताना एवढं सांगा, की गोंडे संध्याकाळी काढून घ्या. बैलाने चघळून गिळलेला धागा त्याच्या पोटात अडकतो.

किंमत ठरवताना एक गोष्ट दोनदा धरू नका. मूळ लडीच्या भावात तुम्ही आधीच ‘घट’ म्हणून पाच टक्के चढवले असतील, तर उरलेल्याची किंमत वसूल झालेली आहे आणि तो स्वस्तात द्यायला हरकत नाही. चढवले नसतील तर पूर्ण भाव लावा. बरेच जण दोन्हीकडे सूट देतात आणि मग नफा कुठे गेला ते शोधत बसतात.

मिसळ पाकिटं काढणार असाल, तर ‘आत काय ते गुपित’ हे रंगांपुरतंच ठेवा. तंतू आणि जाडी गुपित ठेवलीत तर ग्राहक पुन्हा येणार नाही.

कोन, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि आलेली खोकी यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कोनावर जोडलेला गुंडा गुंडाळा, खोक्यातूनच पुढचा माल पाठवा, चिठ्ठ्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापा. जुना पत्ता आणि बारकोड तेवढा पूर्ण झाका, नाहीतर पार्सल भलतीकडे फिरतं.

देऊन टाकताना आणि टाकताना

शाळा, बालवाडी, वृद्धाश्रम, गोधडी शिवणाऱ्या बायका यांना आधी विचारा की काय हवं आहे. न निवडलेली पिशवी देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवणं. गोधडी शिवणाऱ्यांना मऊ लोकर नको असते, त्यांना न तुटणारा जाड सुती धागा लागतो. बालवाडीला उलट, लहान रंगीत तुकडे चालतात, फक्त कापून.

पक्ष्यांच्या घरट्यांसाठी म्हणून गच्चीवर धागे ठेवू नका. मांज्याने जे होतं तेच संथपणे होतं: धागा पिल्लाच्या पायाभोवती अडकतो, पाय वाढतो, धागा सैल होत नाही.

शुद्ध लोकर आणि सूत, बिनरंगाचं किंवा नैसर्गिक रंगाचं, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून कंपोस्टमध्ये चालतं. सूत लवकर कुजतं. लोकरीला महिने लागतात, पण ती नत्र देते. घोंगडीला वापरतात त्या दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचे काळे-तपकिरी तुकडे असतील, तर कुंडीत मातीवर पसरा, ओल टिकते. मिश्रण आहे की शुद्ध अशी शंका असेल तर कंपोस्टमध्ये नको, त्यातलं नायलॉन मातीतच राहतं.

ॲक्रिलिकचा ज्या तुकड्यांना काहीच उपयोग उरला नाही, ते जाळू मात्र नका. त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो, आणि शेकोटीत टाकलेली मूठभर टोकंही त्याला अपवाद नाहीत. कोरडे तुकडे एका बंद पिशवीत भरून सुक्या कचऱ्यात द्या. मोकळे धागे वेचणाऱ्यांच्या बोटांत आणि यंत्रांच्या दातांत अडकतात, म्हणून पिशवीला गाठ मारा आणि वर ‘धागे’ असं लिहा.